दिनानाथच्या हनुवटीवरचा फोड

दिनानाथ सोनवणे हा माणूस विष्णुपंतांना कितपत ठाऊक होता, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला घेतला असता. उत्तर टाळायची त्यांची ती जुनी रीत. खरं सांगायचं तर फारसा ठाऊक नव्हताच. इंदूरच्या एकाच कापड गिरणीत दोघांचं अर्धं आयुष्य गेलं, पण विष्णुपंत मुळ्ये टाइम ऑफिसात, जाळीच्या खिडकीआड, आणि दिनानाथ साचेखात्यात, साच्यांच्या म्हणजे मागांच्या खडखडाटात. खिडकीतून विष्णुपंतांना माणसं दिसायची ती छातीपासून कमरेपर्यंत. हजेरीचं कार्ड पुढं करणारे हात दिसायचे. दिनानाथचा हात त्यांना गर्दीतूनही ओळखता आला असता. बोटं लांबसडक, नखांच्या कडेला सुताची पांढरी लव. पण त्याचं खानदेशातलं गाव नेमकं कुठलं, आईबाप कधी गेले, एकटा असला की तो काय गुणगुणतो, यातलं काही म्हणजे काही त्यांना माहीत नव्हतं.

त्याच्या हनुवटीवर एक फोड आला आणि तो पुढं कसा गेला, एवढं मात्र त्यांनी जवळून पाहिलं. त्या आधाराने जेवढं सांगता येईल तेवढंच हे आहे.

गिरणी बंद पडली तीसुद्धा धडकन पडली नाही. माणसाला झोप लागावी तशी ती बंद पडत गेली. आधी रात्रपाळी गेली, मग एकेक खातं गप्प झालं, आणि मग एका सकाळी भोंगा झालाच नाही. शहरात तेव्हा सगळीकडे नवं काहीतरी उघडत होतं. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या अक्षरांचं टेलिफोनचं दुकान आलं, गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या, दुकानांत चमचमत्या पाकिटांच्या माळा लटकू लागल्या. या सगळ्यातून विष्णुपंत स्वप्नात चालावं तसे चालत. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मल्हारगंजातल्या अरुंद घरात ते एकटेच राहत आणि भोंग्याच्याच वेळेला जागे होत. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना वाटायचं, भोंगा झाला, आपणच ऐकायचे राहिलो. डोळे मिटले की साचेखात्यातला कापूस दिसायचा. वरच्या खिडक्यांतून उतरलेल्या उन्हाच्या पट्ट्यांत तरंगणारा, खाली यायची मुळीच घाई नसलेला.

मग ते उठत, मफलर गुंडाळत आणि वाफेच्या दिशेने चालू लागत.

वाफ दिनानाथच्या पोह्यांची होती. गिरणी गेल्यावर त्याने पोहे-जिलेबीचा धंदा काढला होता. मल्हारगंजातल्या एका मिठाईवाल्या सेठचं दुकान उशिरा उघडायचं, तोवर त्याच्या ओटल्यावर दिनानाथ आणि त्याची बायको इंदिरा बसत. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर पोह्यांची परात, शेजारी कढईत जिलेबी. पोहे इंदिरेचे. जिलेबी दिनानाथची. तो फडक्याची पुरचुंडी तुपावर धरायचा आणि हात असा फिरवायचा की वेटोळी एकमेकांना न शिकवता एकसारखी पडायची. थंडीत त्या वाफेत उभी राहिलेली माणसं विष्णुपंतांना अर्धवट पुसलेल्या चित्रासारखी वाटत.

"आओ बाबूजी," दिनानाथ म्हणायचा. टाइम ऑफिसातल्या माणसाला गिरणीत सगळे बाबूजीच म्हणत, ते त्याच्या तोंडी तसंच राहिलं होतं. "आज जिलेबी घ्या ना. रोज नुसते पोहे खाऊन राहिलात."

विष्णुपंत हसून मान हलवायचे. त्यांना गोड वर्ज्य नव्हतं. पण दुसऱ्यांदा काही मागायचं तर गर्दीत आवाज चढवावा लागतो, आणि ते त्यांना आयुष्यभर जमलं नाही.

एका सकाळी त्यांना दिनानाथच्या हनुवटीवर, खालच्या ओठाखाली बरोबर मध्यावर, मसुरीच्या डाळीएवढा लाल फोड दिसला.

"हे काय?"

"काही नाही बाबूजी. नाईचं ब्लेड लागून गेलं असेल."

फोड फुटला, वाळला, खपली पडली. पुन्हा आला. दुखायचा नाही. नुसता यायचा, एक थेंब पू टाकायचा आणि आजूबाजूची कातडी आत ओढून बसायचा. दिनानाथने हळद लावली, नाई बदलला, मग दाढी करायचीच सोडली. डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत फोड सुकला आणि संपल्यावर परत आला. दुसऱ्या एका डॉक्टरने तो कापून काढून टाके घातले. पंधरवडाभर हनुवटी साफ दिसली. मग टाक्यांच्या शिवणीतूनच लाल डोकं वर आलं.

प्रत्येक डॉक्टरने विचारलं होतं, "इथं कधी मार लागला होता का?"

आणि प्रत्येकाला दिनानाथने सांगितलं होतं, "नाही जी."

दुसऱ्या डॉक्टरने मग जरा विचार करून म्हटलं, की असं पुन्हा पुन्हा येतं ते बरं नव्हे; तुकडा तपासायला पाठवू, कॅन्सर नाही ना एवढं कळेल. त्या दिवसापासून दिनानाथने दवाखान्याची वाट सोडली. घरी काय बोलणं झालं ते विष्णुपंतांना ठाऊक नाही. दुसऱ्या सकाळी दिनानाथने तोंडाला गमछा बांधला होता आणि इंदिरावहिनींचे डोळे कांद्याशिवायच लाल होते, एवढंच त्यांनी पाहिलं.

गमछ्याने काम उलटंच केलं. उघडा फोड काहींनीच पाहिला असता. झाकलेला सगळ्यांनी पाहिला. 

"क्या हो गया इनको?" एका गिऱ्हाइकाने प्लेट हातात घेता घेता दुसऱ्याला विचारलं.

"मिल की टीबी है भिया. रूई अंदर जम जाती है, फिर मुंह से निकलती है."

पहिल्याने प्लेट तशीच ओटल्यावर ठेवली. इंदिरा ती उचलून मागं घेऊन गेली. दिनानाथ जिलेबी घालत राहिला. हात थांबला नाही, पण वेटोळी लहानमोठी पडली.

हळूहळू वाफेतली माणसं विरळ झाली. इंदिरा म्हणाली, "मी समोर बसते, तुम्ही मागं बसून कांदे कापा." पण जिलेबी तिला यायची नाही, आणि जिलेबीशिवाय नुसत्या पोह्यांना इंदुरात कोण थांबतो? शेवटी एक दिवस सेठ स्वतः सकाळी लवकर आला. वाईट माणूस नव्हता. बोलताना खाली आपल्या चपलांकडे पाहत होता.

"दीनूभिया, बुरा मत मानना. लोग कढ़ाई नहीं देखते, बनाने वाले का मुंह देखते हैं. मेरी मिठाई भी यहीं बिकती है. रंगपंचमी तक मुंह ठीक करा लो. नहीं तो ओटला किसी और को देना पड़ेगा."

"बरोबर आहे सेठजी," दिनानाथ मराठीतच म्हणाला.

त्या दुपारी विष्णुपंत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे, राजघराण्याच्या जुन्या समाध्यांकडे, फिरायला गेले होते. नदीकाठच्या त्या पायऱ्यांवर दुपारी कबुतरांशिवाय फारसं कुणी नसायचं. दगड तापलेला, नदीचं पाणी काळसर आणि हलतंय की नाही ते न कळण्याइतकं संथ. एका पायरीवर दिनानाथ बसला होता, गमछा काढून मांडीवर ठेवलेला. विष्णुपंत मागच्या मागं वळणार होते, पण त्याने पाहिलं.

"बसा बाबूजी."

विष्णुपंत शेजारी टेकले. नदीवरून येणाऱ्या झुळकीत शेवरीच्या कापसाचा एक पुंजका तरंगत आला, पायरीवर टेकला आणि पुन्हा उडाला. दिनानाथ त्याच्याकडे पाहत होता.

"पोटाचं काही नाही," तो म्हणाला. "हमाली करेन, कुठं चौकीदारी करेन. पण हे हात ऐकत नाहीत ना. साचा बंद झाला तेव्हा झोपेत चादरीच्या दशांना गाठी मारत होतो म्हणे. इंदिरा सकाळी सोडवत बसायची. जिलेबी शिकलो तेव्हा ते बंद झालं. आता परत चालू झालंय."

विष्णुपंतांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं. बोलले ते एवढंच, "ऊन उतरलं की थंडी पडेल, गमछा घ्या."

विष्णुपंतांच्या घराची रस्त्याकडची खोली त्याच हिवाळ्यात भाड्याने गेली होती. मंजुषा नावाची दातांची तरुण डॉक्टर. कराडकडची, नवऱ्याला पीथमपूरच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आलेली. खोलीत एक खुर्ची, एक लहानसं एक्स-रेचं यंत्र, दाराला निळा पडदा. पेशंट अजून मोजकेच होते, त्यामुळे ती उंबऱ्यात उभी राहून विष्णुपंतांशी गप्पा मारायची, म्हणजे ती बोलायची आणि ते ऐकायचे.

"काका, तुमचं ते 'करून राहिले, येऊन राहिले' ऐकून मला आधी वाटायचं, तुम्ही माझी थट्टाच करताय."

"नाही नाही," विष्णुपंत गडबडून म्हणाले. "आम्ही असंच बोलतो."

"ते कळलं हो. आता माझा नवराच घरी 'चल भिया' म्हणून राहिला." ती हसली आणि मग म्हणाली, "तो गमछावाला पोहेवाला कुठं गेला? दोन दिवस दिसला नाही. पोहे काय सुंदर असतात त्यांचे."

विष्णुपंतांनी सांगितलं. आधी थोडं, मग ती विचारत गेली तसं बाकीचं.

"हनुवटीवर? मधोमध?"

"हो."

"दुखत नाही?"

"नाही म्हणतो."

"गोळ्यांनी जातो आणि परत येतो. कापला तरी येतो." ती आता उंबऱ्यातून बाहेर आली होती. "काका, त्यांच्या खालच्या पुढच्या दातांना कधी मार बसला होता का?"

त्या प्रश्नाबरोबर एक जुनी सकाळ विष्णुपंतांपुढं उभी राहिली, इतकी स्पष्ट की मधली वर्षं जणू झालीच नव्हती. हजेरीची कार्डं घेऊन ते साचेखात्यातून चालले होते. आवाज इतका की आवाजच ऐकू येऊ नये. हवेत कापूस. आणि पुढच्या वळणावर दिनानाथ उभा, तोंडावर हात धरून, बोटांच्या फटींतून रक्त. त्याच्या पायाशी लाकडी धोटा पडलेला. आजूबाजूचे विणकर आपापल्या मागावर मान खाली घालून. विष्णुपंतांनी खुणेनेच विचारलं होतं, काय झालं. दिनानाथने त्यांच्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं होतं, "काही नाही बाबूजी. जीभ चावली."

विष्णुपंतांनी त्यावर विश्वास ठेवला नव्हता आणि पुढं विचारलंही नव्हतं. साचेखात्याची रीत त्यांना ऐकून माहीत होती. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारी ती लोखंडी टोकाची लाकडी होडी. कधीमधी ती मागातून सुटून गोळीसारखी उडायची. ज्या मागाची उडाली त्या विणकराला दंड व्हायचा, कधी मागही काढून घेतला जायचा. म्हणून ज्याला लागायची तो कधीच सांगायचा नाही. पडलो म्हणायचा, दार लागलं म्हणायचा. आणि टाइम ऑफिसच्या माणसाला तर मुळीच नाही, कारण नोंद करणारा तोच.

"मार?" विष्णुपंत म्हणाले. "ते त्यालाच विचारा."

दिनानाथला आणणं सोपं गेलं नाही.

"दातांच्या डॉक्टरकडे?" तो हसलाच. "फोड हनुवटीवर अन् दाखवायचे दात? बाबूजी, माझे दात पाहिलेत का? ऊस सोलतो मी अजून. मॅडमजी नवीन आहेत, गिऱ्हाईक शोधून राहिल्या असतील."

"जाऊन तर या," इंदिरा म्हणाली. "रंगपंचमी काही आपल्यासाठी थांबणार नाही."

मंजुषाने त्याला खुर्चीत बसवलं, गमछा सोडायला लावला आणि फोडाकडे पाहायच्या आधी ओठ खाली ओढून आत बोट फिरवलं. दाताच्या मुळापासून हनुवटीकडे जाणारी एक दोरीसारखी गाठ तिच्या बोटाला लागली. मग तिने बर्फाचा तुकडा घेऊन खालच्या दातांना एकेक लावला. दिनानाथ प्रत्येक वेळी दचकला. एका दाताला मात्र दचकला नाही. तो दात जरासा राखी होता.

"याला काही कळलं नाही," ती म्हणाली.

"चांगलं आहे ना मग. मजबूत आहे."

"मजबूत नाही, मेलाय तो. आतून. दुखत नाही म्हणून तुम्हाला पत्ता नाही. भिंतीला ओल येते तिथंच नळ फुटलेला असतो असं नाही ना? तसंच आहे. नळ इथं फुटलाय," तिने दातावर टिचकी मारली, "आणि ओल हनुवटीला आलीय. वरून कितीही खरवडलं तरी काय होणार. या दाताला कधी मार लागला होता?"

"नाही जी."

"पडलात? भांडणात कुणी मारलं?"

"नाही जी. मी भांडत नाही."

"आठवून पाहा. उगाच मेला नसेल तो. मला त्याला भोक पाडून आतलं साफ करावं लागेल."

दिनानाथ खुर्चीत ताठ झाला. "चांगल्या दाताला भोक? ते काही नाही करायचं मॅडमजी." आणि तो गमछा शोधू लागला.

विष्णुपंत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. दिनानाथने बोलता बोलता एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदाच, आणि नजर काढून घेतली. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. जाळीच्या खिडकीतून पाहिलेली. गिरणीच्या फाटकाला गंज चढला होता, दंड करणारे साहेब कुठल्या कुठं गेले होते, पण टाइम ऑफिस इथं स्टुलावर बसलेलं होतं.

विष्णुपंत उठले. "मी जरा बाहेर बसतो," ते म्हणाले, आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त आवाज करत पडद्याबाहेर गेले.

बाहेर पायरीवर ऊन होतं. गल्लीतून एक सायकल गेली. मग आतून दिनानाथचा आवाज आला, दबलेला.

"लागला होता. धोटा. बरीच वर्षं झाली."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"बोलायचं नसतं. मॅडमजी, साचा कुणाचा होता ते मात्र नका विचारू."

"मला दाताचा नंबर पुरे आहे," मंजुषा म्हणाली. "साच्याचा तुमच्याकडेच ठेवा."

त्यावर दिनानाथ हसला, मोकळं. विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला.

मग तिने त्यांना परत आत बोलावलं. रबरासारखी एक बारीक, मऊ काडी तिने फोडाच्या तोंडातून हळूहळू आत सरकवली आणि तशीच ठेवून एक्स-रे काढला. ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. काळसर धुक्यात दातांची मुळं पांढुरकी उभी होती आणि ती काडी हनुवटीकडून वळत वळत जाऊन नेमकी त्या एका मुळाच्या टोकाशी टेकली होती. तिथं मुळाभोवती एक काळी सावली होती.

दिनानाथ फिल्मकडे बघत राहिला.

"हे तर धोट्यात सूत ओवल्यासारखं झालं," तो म्हणाला. "तोंड लावून ओढायचो आम्ही, श्वासानं. सूत या भोकातून जायचं अन् तिकडून निघायचं." मग जरा वेळाने, "पाडा मॅडमजी भोक."

दाताच्या मागच्या बाजूने लहानसं छिद्र पाडून तिने आतलं सडकं काढलं, धुतलं, औषध भरून वर तात्पुरतं बूच लावलं. हनुवटीला हात लावला नाही. मलम नाही, पट्टी नाही. काही दिवसांनी परत धुवायचं आणि सगळं कोरडं झालं की कायमचं भरायचं, असं सांगितलं.

पण दुसऱ्याच दिवशी फोड आधीपेक्षा जास्त वाहायला लागला. इंदिरा विष्णुपंतांच्या दारात आली. चिडलेली होती, पण आवाज खालचाच होता.

"भाऊजी, चांगल्या दाताला भोक पाडून आणलंत. अन् हे तर वाढलं. रंगपंचमी तोंडावर आली."

विष्णुपंतांना वाटलं, आपण आयुष्यात एकदाच कशात पुढाकार घेतला आणि तोही असा. ते रस्त्याकडच्या खोलीत जाऊन मंजुषासमोर नुसते उभे राहिले.

"साचलेलं निघून जातंय, काका," ती म्हणाली. "वाहू द्या. वाट मोकळी आहे तोवर बाहेर येईल ते येईल. मागून नवीन यायचं थांबलंय." आणि जरा थांबून, "मीही रात्री तोच विचार करत होते, खोटं कशाला सांगू."

नंतरचे दिवस विष्णुपंतांना धुक्यातल्यासारखे आठवतात. गल्ल्यांत गुलालाची दुकानं लागली. होळी झाली. ते रोज सकाळी ओटल्यावर जात, आणि रिकाम्या ओटल्यावर तिघं त्या हनुवटीकडे पाहत, पावसाची वाट पाहणारी माणसं आभाळाकडे पाहतात तशी. एक दिवस थेंब कमी होता. एक दिवस नव्हताच. खपली आली आणि या वेळी खपलीखाली ओल राहिली नाही. मंजुषाने दात पुन्हा धुतला, कोरडा आहे असं पाहून भरून टाकला. कातडी गुलाबी झाली, मग तिच्या मूळच्या रंगाची होत गेली. मधोमध एक लहानशी खळी तेवढी राहिली.

"ही जाणार नाही," ती म्हणाली. "हवी असेल तर पुढं बारीकसं काहीतरी करून घालवता येईल."

"राहू दे," दिनानाथ म्हणाला. "इंदिरा म्हणते बरी दिसते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाबद्दल चांगलं बोलली."

रंगपंचमीच्या आदल्या सकाळी सेठ आला. दिनानाथने गमछा काढून खांद्यावर टाकला आणि तोंड उजेडाकडे केलं, दाढी करायला बसलेल्या माणसासारखं. सेठने पाहिलं. वाकून पाहिलं. मग त्याने रस्त्यावरच्या दोघाचौघांना दिसेल अशा बेताने ओटल्यापाशी उभं राहून हात पुढं केला.

"एक प्लेट मुझे भी दो. और जलेबी कड़क."

इंदिरेने पोहे वाढले, वर शेव, जिरावनचा मसाला, लिंबू. दिनानाथने जिलेबी ठेवली. सेठने उभ्या उभ्याच सगळं संपवलं, बोटंसुद्धा चाटली. रस्त्यावरचे दोघं पुढं सरकले.

रंगपंचमीला राजवाड्याकडे जाणारी गेर, रंग उधळत चालणारी मिरवणूक, निघाली. आभाळात रंगाचे फवारे उडाले, रस्ता, भिंती, माणसं सगळं एका गुलाबी ढगात बुडालं. कुणाचा चेहरा कुणाला ओळखू येत नव्हता. सगळ्यांची तोंडं सारखी झाली होती. त्या ढगातून माणसं येत, हात पुढं करत आणि दिनानाथ देत राही. विष्णुपंत लांबून पाहत होते. त्याच्या हनुवटीच्या खळीत गुलाल भरला होता आणि हात कढईवर फिरत होता, न थांबता, पूर्वी मागावर फिरत असेल तसा. तो कसा फिरत असे ते विष्णुपंतांनी नीट कधी पाहिलंच नव्हतं.

मग किती वर्षं गेली. गिरणीच्या चिमणीवर पिंपळ उगवला. मंजुषा मोठ्या रस्त्यावर मोठ्या दवाखान्यात गेली. निळा पडदा विष्णुपंतांनी तसाच राहू दिला. साचा कुणाचा होता ते दिनानाथने त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ओटल्यावर येणाऱ्या जुन्या विणकरांपैकीच तो कुणी असेल, असं त्यांना कधी वाटायचं; पोहे खाणाऱ्या हातांकडे ते बघत राहायचे आणि मग स्वतःचीच लाज वाटून नजर फिरवायचे.

पुढं एका हिवाळ्यात दिनानाथ आणि इंदिरा लग्न होऊन गेलेल्या मुलीकडे बुऱ्हाणपूरला गेले. काही दिवसांसाठी म्हणून गेले होते. दिनानाथ तिकडेच वारला. झोपेत गेला, असं सेठने सांगितलं, तेही कितीतरी दिवसांनी, बोलण्याच्या ओघात.

त्यामुळे निरोप असा झाला नाही. शेवटचं बोलणं झालं ते दिनानाथ बुऱ्हाणपूरला जायच्या आदल्या सकाळी, ओटल्यावर, आणि ते शेवटचं आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. गर्दी खूप होती. शाळेची मुलं, ऑफिसला निघालेले, कुणाच्या खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, कुणी स्कूटरवर बसूनच प्लेट धरलेली. विष्णुपंत मागं उभे होते. त्या दिवशी त्यांना का कोण जाणे जिलेबी खावीशी वाटली, आणि त्यांनी आवाज चढवून मागितली. दिनानाथने मान वर केली नाही. हात तुपावर फिरत होता.

"जरा थांबा बाबूजी," तो म्हणाला. "पुढचा घाणा उतरू द्या."

"उतरू द्या," विष्णुपंत म्हणाले. "मला कुठं जायचंय."